फाटकावरचा नियम

‘इतर विश्वासू व्यक्ती’ हे तीन शब्द चिटणिसांनी लाल पेनाने खोडले. मग खोडलेलंच पुन्हा एकदा खोडलं.

शाळा मंडळाचे नियम लिहिणं हे त्यांचं काम. अडतीस शाळांची फाटकं कधी उघडायची, जिन्याचा कठडा किती उंच हवा, पाहुण्याला कुठे थांबवायचं, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. मसुदा मंडळापुढे दोनदा वाचायचा, मधल्या पंधरा दिवसांत लोकांच्या हरकती घ्यायच्या, मग मतदान. या वेळचा विषय होता, शाळा सुटल्यावर मूल कोणाच्या हाती द्यायचं. मागच्या महिन्यात एका शाळेतून भलत्याच बाईने मूल नेलं होतं. तासाभरात सापडलं, पण मंडळाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

चिटणिसांच्या डोळ्यांपुढे मात्र ती बाई नव्हती. पियानोवाला होता.

पियानो दुरुस्त करणारा हा माणूस त्यांच्या बायकोच्या ओळखीचा, तोही लग्नाच्या आधीपासून. बायको परिचारिका. बुधवारी तिची दुपारची पाळी आणि चिटणिसांची मंडळाची बैठक, म्हणून चिमणीला, म्हणजे त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीला, शाळेतून घरी आणायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलेलं.

बुधवारी संध्याकाळी चिटणीस बैठकीहून परतायचे, तेव्हा चिमणी घरभर शीळ घालत फिरत असायची.

“बाबा, तुम्ही वाजवा ना शीळ!”

चिटणिसांच्या ओठांतून नुसती हवा यायची. चिमणी खिदळायची. मग डोळे मिटून, मान जराशी डावीकडे कलती करून दारावरच्या घंटीचा सूर ऐकायची, थेट त्याच्यासारखी. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं म्हणत चिटणीस वर्तमानपत्रात डोकं घालायचे. रात्री पाळीवरून आल्यावर बायको त्याला फोनवर ‘हो, पोचले’ एवढंच म्हणायची, पण ते म्हणताना तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा, की चिटणीस जेवण अर्धवट टाकून उठायचे.

विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर आपणच हलके ठरलो असतो. नियम करणं त्यापेक्षा सोपं होतं.

मसुदा त्यांनी घरीच वाचून दाखवला. “मूल फक्त पालकांनी फॉर्मवर लिहिलेल्या, रक्ताच्या नात्याच्या माणसाकडे सोपवावं. दत्तक असेल तर न्यायालयाचा कागद. बाकी कोणी नाही.”

बायको ताटं पुसत होती. “मग बुधवारी तिला आणणार कोण?”

“तू पाळी बदलून घे.”

“दोनदा अर्ज केला. नाही देत.” तिने पुढचं ताट उचललं. “अहो, ती विश्वासू माणसाची ओळ राहू द्या ना. किती घरांचं अडतं त्यावाचून.”

“चोराला वाट दाखवायला?”

“आणि फॉर्मवर कोणी नातं खोटं लिहिलं तर?”

“खाली सही असते. खोटं निघालं की पोलिसात तक्रार. तुझ्यासारखीचा तर परवानाही जाईल.”

“म्हणजे खरं तेच लिहायचं.”

“खरं तेच!”

तिने हातातलं ताट जपून मांडणीत ठेवलं. चिटणिसांना त्या रात्री गाढ झोप लागली.

दुसऱ्या वाचनाला सभागृह भरलं होतं. एक मुख्याध्यापिका उठून म्हणाली, “माझ्या शाळेतली निम्मी मुलं शेजारणी नेतात. त्या पोरांनी काय फाटकाशीच बसून राहायचं?”

मागून एक सुतार ओरडला, “माझा भागीदार माझ्या पोराला माझ्याइतका जपतो, साहेब! त्याचं रक्त तपासणार का?”

लोक हसले. अध्यक्षीणबाई चिटणिसांकडे वळल्या. “खरंच इतकं कडक हवं?”

“बाई, माया कागदावर मोजता येत नाही,” चिटणीस म्हणाले. “नातं येतं.”

वाक्य झकास जमलं होतं. चार विरुद्ध तीन मतांनी नियम मंजूर झाला. त्याच आठवड्यात घरोघर फॉर्म गेले. त्यांच्या घरचा फॉर्म त्यांनी स्वतःच आणला होता.

“मी भरते,” बायको म्हणाली. “दुपारी निवांत बसून भरते आणि शाळेत देऊन येते.”

तिचे डोळे सुजलेले दिसत होते. असू देत, चिटणीस मनात म्हणाले. एकदाचा काटा निघाला.

पुढच्या बुधवारी त्यांनी बैठकीला दांडी मारली, बारा वर्षांत पहिल्यांदा. पियानोवाल्याला हात हलवत परत जाताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. शाळेसमोरच्या फुलवाल्याच्या आडोशाला ते उभे राहिले. घंटा झाली. तो आला. पहारेकऱ्याने त्याचं ओळखपत्र पाहिलं, फाईल उघडली, बोट फिरवलं आणि आत हाक मारली. चिमणी धावत आली. दोघं शीळ घालत कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

चिटणीस रस्ता ओलांडून तरातरा फाटकाशी गेले.

“नियम वाचलास का रे तू? शाळेत चिकटवलाय कशाला तो?”

“वाचला की, साहेब.” पहारेकरी गडबडून उभा राहिला. “ओळ न् ओळ वाचली.”

“मग त्या माणसाच्या हाती पोर दिलीस कशी? माझी लेक आहे ती!”

पहारेकऱ्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फाईलकडे. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्याने फाईल त्यांच्याकडे फिरवली.

‘आई’ या रकान्यात बायकोचं नाव होतं. त्याखाली ‘वडील’ या रकान्यात, तिच्याच गोल, नेटक्या अक्षरात, पियानोवाल्याचं.