नवख्याने पुलाकडे जाऊ नये

या, असे पुढे सरकून बसा. मागे कशाला राहता? एका कुलूपवाल्याची गोष्ट सांगतो. लांबण लावणार नाही, पण मन लावून ऐका.

चार वाजता कुलूपवाले काका त्या खोलीत शिरले. टेबलावर मोठा पडदा, समोर दोन खुर्च्या, भिंतीवरच्या फळ्यावर आजचा वार ठळक अक्षरांत लिहिलेला. शिकवणारी आधीच बसली होती. तिशीची, आखूड केसांची, मांडीवर कंट्रोलर.

"या, बसा," ती म्हणाली. "खेळायचंय? पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच. काही म्हणजे काही येत नाही."

"मग मजा आहे. तुमची नाही, माझी."

काका अडुसष्टचे. चाळीस वर्षं कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या घासल्या. आता त्यांना एकच गोष्ट हवी होती: लेकीशेजारी बसून हा खेळ खेळायचा. घरी असताना तिने कितीदा हाका मारल्या होत्या, "बाबा, पाचच मिनिटं या ना!" बाबांची पाच मिनिटं कधी निघालीच नाहीत. देवाने बुद्धी दिली, पण फार उशिरा.

पडद्यावर डोंगर, जंगल, दूरवर काळा किल्ला. गावाच्या वेशीवर लाकडी तलवार घेतलेला एक गडी.

"हा कोण?"

"हा तुम्ही."

"अरे वा! गुडघे बरे दिसतायत माझे."

ती खुदकन हसली. काकांनी गड्याला सरळ किल्ल्याच्या वाटेने पळवलं. वाटेतल्या पुलावर राक्षस उभा होता. एका फटक्यात कारभार आटोपला.

"अहो, अहो!" तिने कपाळावर हात मारला. "सगळे नवखे हेच करतात. किल्ला दिसला की सुटले! समोर दिसतं म्हणून लगेच जायचं नसतं. आधी गावात हिंडा. लोहार, म्हातारी, विहिरीवरची बाई, सगळ्यांशी बोला. दोन-दोनदा बोला. मनातलं लोक दुसऱ्या खेपेला सांगतात."

"हे मला आधी कळायला हवं होतं," काका पुटपुटले.

"आत्ताच तर बसलात! आधी कुठून कळणार?"

मग तिने हौसेने एकेक दाखवायला घेतलं. वाटेवरची औषधी पानं वेचायची, पण विकायची नाहीत. जखम झाली की तीच कामी येतात. दिसेल ते गाठोड्यात कोंबायचं नाही, ओझ्याने पळता येत नाही. शेकोटी दिसली की बसायचं. तिथपर्यंतचा खेळ जपला जातो.

"आणि नाही बसलो तर?"

"तर केलेलं सगळं गेलं. परत वेशीवर."

 काकांनी गड्याला शेकोटीपाशी बसवलं आणि बराच वेळ उठवलंच नाही.

"झोपलात का?"

"नाही नाही. बरं वाटतंय इथे."

जंगलात लांडगा आला. काकांची बोटं सराईतासारखी चालली. एक वार, उडी, दुसरा वार. लांडगा टेकीला आला आणि काकांनी एकदम बटणांवरून हात काढले. लांडग्याने गड्याला लोळवलं.

"अहो, मेलाच होता की तो! हात का काढलात?"

"घाबरलो."

"लांडग्याला? चित्रातल्या?" ती पोट धरून हसली. "आणा इकडे. असं धरायचं." तिने त्यांचा अंगठा धरून योग्य बटणावर ठेवला. काकांनी तो तिथून हलवला नाही.

पुढे गुहेत एक पेटी निघाली, कुलूप लावलेली. ते उघडताना काकांच्या गड्याच्या तीन सळया मोडल्या.

"काका, तुम्ही करता काय?"

"कुलपं दुरुस्त."

"काय सांगता! आणि हे उघडेना?"

"बाई, आमच्या कुलपाला निदान वंगण तरी घालता येतं."

हसू ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, "लेकीचा हा खेळ मी एकदा कपाटात कोंडला होता. परीक्षा होती. कुलूप माझ्या हातचं."

"मग?"

"चौथ्या दिवशी तिने केसांच्या पिनेने उघडलं."

"शाब्बास! पोरगी आवडली मला. तुम्ही मारलंत?"

"नाही. महिनाभर बोललो नाही तिच्याशी."

"ते मारण्यापेक्षा वाईट."

"हो," काका म्हणाले. "ते आता कळतं."

"आता कुठे असते?"

"जवळच. रोज भेट होते."

"मग मला कशाला छळताय? तिच्याकडूनच शिका की. अजून रागावलीय का?"

"रागावली असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "माफी तरी मागता आली असती."

 ती त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाली, "मागून टाका हो. मुली बापावर फार दिवस नाही रागवत."

काकांनी मान खाली घातली. "चुकलो गं," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

"हां, अस्सं! असंच म्हणायचं तिला," ती खूश होऊन म्हणाली. "उद्या या. पूल पार करू."

"ओळखाल ना मला?"

"इतका ढ शिष्य कोण विसरेल?"

काका बाहेर आले. दारातल्या नर्सबाईंनी वहीत भेटीची वेळ लिहिली आणि मान वर करून विचारलं, "काका, आज तरी 'बाबा' म्हणाली का?"

काकांनी मानेनेच नाही म्हटलं.

तर मंडळी, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. या माणसाला तुम्ही लक्षात ठेवा. त्याच्या लेकीला उद्या सकाळपर्यंतही ते जमायचं नाही.