होयबा

सहा वाजून दहा मिनिटांनी बस फाटकाबाहेर पडायची, म्हणून बस चालवणाऱ्या भाऊजींनी पावणेसहालाच इंजिन चालू केले होते. काच पुसून झाली होती. कारखान्याच्या बायका आपापल्या जागी बसल्या होत्या. तिसऱ्या बाकावर त्यांची बायको, म्हणजे गाडी दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीची ताई, खिडकीला डोके टेकून पेंगत होती.

"काय मेव्हणे, हात आहे की जादू?" भाऊजी मेस्त्रीला म्हणाले. "महिनाभर डोळे वटारून बसलेला लाल दिवा एका दुपारीत गेला!"

मेस्त्री हसला नाही.

"फक्त ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी लगेच आवरत नाही. काल उतारावर तर जणू मागून कुणी ढकलत होतं. रुळेल म्हणा हळूहळू," भाऊजी पुढे म्हणाले.

मेस्त्रीला कारण ठाऊक होते. डिझेलच्या पंपात एक कडी असते. ती सरकेल तितके डिझेल इंजिनात जाते. किती सरकायचे ते गाडीतला संगणक ठरवतो. ती खरोखर तितकीच सरकली का, हे सेन्सर त्याला उलट कळवतो. उत्तर जुळले नाही, की संगणक लाल दिवा लावतो आणि गाडीचा वेग मुद्दाम बांधून टाकतो. या पंपातली कडी झिजून अडकत होती. पाय काढल्यावरही डिझेल जात होते. आणि दिवा मात्र विझलेला.

बसचे मालक घड्याळ बघत आले. "दिवा नाही ना लागलेला? मग सोडा गाडी. नवा पंप यायला अजून आठ दिवस आहेत."

पुढे सात वळणांचा उतार होता. गाडीत एक्केचाळीस बायका.

हे उघड झाले, तर या फाटकातून मेस्त्रीला पुन्हा काम मिळणार नव्हते.

"भाऊजी, इंजिन बंद करा."

त्याने झाकण उघडले. शोधावे लागले नाही. पंपाजवळच्या काळ्या चिकटपट्टीखाली नखाएवढे सर्किट होते. संगणक काहीही विचारो, 'हो, तितकेच' असे उत्तर देणारे; मेस्त्री लोक त्याला 'होयबा' म्हणत. त्याने ते कापून काढले, सेन्सरची मूळ तार जोडली आणि स्वतःच चावी फिरवली.

लाल दिवा लागला.

"अहो, हा परत कसा लागला?" मालक ओरडले.

मेस्त्रीने इंजिन बंद केले, चावी खिशात घातली आणि बसचे दार उघडले.

"ताई, उतर खाली," तो म्हणाला. "सगळ्याच उतरा. परवा तो दिवा मीच विझवला होता."