चिंचेखालची सदाफुली

अंगणातल्या चिंचेखाली बसवायच्या सिमेंटच्या ब्लॉकांचा टेम्पो आत शिरला तशी रुख्मिणीबाई चुलीपुढून उठली. चहा उतू चालला होता. सुनेनं, नितानं, तो उतरवला. रुख्मिणीबाई दारात गेली, परत आली, पुन्हा गेली.

चिंचेखाली सगळीकडं सदाफुली पसरली होती. त्या गर्द सावलीत दुसरं काही टिकत नव्हतं. फूल एखादंच, पण पान बारमाही हिरवं. कडू म्हणून शेळ्याही तोंड लावत नसत. दर पावसाळ्यात रुख्मिणीबाई तिचे शेंडे खुडून पुढं पुढं लावत गेली होती.

तिचा मुलगा रणजीत टेपचं टोक धरून त्या हिरव्यात शिरला. दुसरं टोक धरून डोंगरकडा गावचे गवंडी शेषराव बाहेर उभे होते.

"मावशी, रानच वाढवून ठिवलं की तुमी," शेषराव हसले. "ब्लॉक बसले की सगळा तांडा इथंच पत्ते कुटत बसंल बघा."

"देवळापुढं जागा कमी हाय व्हय त्यायला? रणजीत, बाहेर ये आधी."

"याडी," रणजीत आईला म्हणाला, "काहून आडवी येऊन राहिली? ट्रॅक्टर सावलीत लावायला जागा नको का? कालपासून नुसती इकडून तिकडं करून राहिली तू."

"तुझी बहीण हाय तिथं."

शेषरावांच्या हातातला टेप सैल पडला. तांड्यात लग्न न झालेल्याला जाळत नाहीत, पुरतात. आपल्या आधी एक पोरगी झाली आणि पाळण्यातच गेली, एवढं रणजीतला ऐकून माहीत होतं. कुठं ठेवली, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"मंग आधी सांगायचं न्हाई का?" त्याचा आवाज उतरला. "जागा दाखव. तेवढी सोडतो. कठडा बी बांधून देतो. मामा, करता ना?"

"करू की. कुठं म्हनता मावशी, खोडाजवळ?"

रुख्मिणीबाई सदाफुलीच्या काठापर्यंत आली. खोडाकडं पाहिलं, कुंपणाकडं पाहिलं. पदर मुठीत आवळला, सोडला, पुन्हा आवळला.

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "बाईमाणसाला नेतेत का मातीला? तुझ्या बापानं नेली. हातपाय धुऊन आला. इचारलं तर म्हने, चिंचेखाली. चिंचेखाली कुठं, म्हनलं की उठून जायचा. मरेपत्तोर सांगितलं न्हाई त्यानं."

"अन् मंग ही सदाफुली?"

"म्हनून तर सगळीकडं लावली."

शेषरावांनी टेप हळूच खाली ठेवला. रणजीत हिरव्याच्या मधोमध उभा होता. बाहेर यायला त्यानं पाय उचलला आणि तसाच धरला. खाली सगळीकडं सारखीच पानं होती.