आवाजाचा भाग

पॅकेज पुन्हा परत आलं. नॉर्वेतल्या तपासनिसाने नम्रपणे विचारलं होतं, "बाकी सगळं छान. पण आवाजाचा भाग तुम्ही तपासलेलाच नाही. का बरं?"

आकिबने उत्तर पाठवलं, "माझा स्पीकर बिघडला आहे."

राजुऱ्यातल्या हाफिजभाई टीव्हीवाल्यांच्या मुलाने असं लिहावं! त्याच्या खुर्चीखालीच जुन्या स्पीकरांचं पोतं होतं. पण ते नॉर्वेतून दिसत नव्हतं.

लिनक्सवाल्यांचं फुकट सॉफ्टवेअरचं एक भांडार असतं. जगभरातली हौशी माणसं त्यात प्रोग्रामांची पॅकेजं बांधून ठेवतात. पैसे मिळत नाहीत, चुका तेवढ्या काढल्या जातात. आकिब बांधत होता तो एम्युलेटर, म्हणजे जुन्या टीव्ही-गेमच्या डब्याचं सोंग कॉम्प्युटरकडून वठवून घेणारा प्रोग्राम. चित्राचा भाग झाला होता, बटणांचा झाला होता. राहिला होता आवाज. शुक्रवारपर्यंत तो तपासला नाही, तर पॅकेज भांडाराच्या नव्या आवृत्तीतून गळणार होतं.

खरा डबा धाकट्या भावाचा, अनसचा. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा. पडद्यामागे अनस खेळायचा, पुढे हाफिजभाई टीव्ही उघडून बसायचे. डाव रंगात असताना हाक मारून उपयोग नाही, हे ते अनुभवाने शिकले होते. म्हणून ते हरल्याची धून वाजायची वाट पाहत. ती रडकी धून संपली की लगेच हाक जायची, "अनस, चाय सांगून ये ना बाप्पा!"

अनस फार वाईट खेळायचा. हाफिजभाईंना चहाची कधी अडचण पडली नाही.

मग एका पावसाळ्यात मलेरिया अनसच्या डोक्यात चढला आणि उतरलाच नाही. डबा अम्मीने पेटीत घातला. तेव्हापासून हाफिजभाई दुरुस्त केलेला टीव्हीही मुकाच दाखवत.

"हाफिजभाई, आवाज तं आयकवा," टीव्ही न्यायला आलेले नानाजी एकदा कुरकुरले.

"घरी जाऊन आयका. नाई आला तं परत आना."

अनस परत येणार नाही हे आकिबला कळत होतं, तो बी.ई. होता. पण जगात कुणाच्याही कॉम्प्युटरवर तो डबा कधीही सुरू व्हावा, एवढं त्याला हवं होतं. फक्त या घरात नको.

गुरुवारी दुपारी अब्बा नमाजला गेले. आकिबने पोत्यातून एक स्पीकर काढून जोडला. अनसच्या कॅसेटमधला खेळ त्याने कसाबसा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता, तो लावला. उडीचा आवाज ठीक. नाण्याचा ठीक. हरल्याची धून तेवढी राहिली. पण आकिब चांगला खेळायचा. हरायला त्याला वेळ लागला. शेवटी त्याने खेळातल्या पोराला जाणूनबुजून खड्ड्यात घातलं.

धून वाजली. संपली.

"अनस, चाय सांगून ये ना बाप्पा!"

अब्बा केव्हा परतले होते, त्याला कळलंच नव्हतं. पडद्यापलीकडे मग काहीच वाजेना. पेचकस नाही, खोकला नाही.

आकिब उठला. कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन ग्लास चहा घेऊन आला. हाफिजभाई उघड्या टीव्हीत बघत बसले होते. हातात काहीच नव्हतं.

"स्पीकर काढून टाकतो, अब्बा."

"राहू दे." त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. "अजून एक डाव हरून दाखव."

आकिब पडद्यामागे गेला आणि हरला. पुन्हा लावून पुन्हा हरला. प्रत्येक धून संपली की तो थोडा थांबायचा. हाक आली नाही. बाहेर दोन्ही ग्लासांवर साय धरली.

संध्याकाळी त्याने नॉर्वेला कळवलं, "आवाज तपासला. अगदी मूळ डब्यासारखा आहे."