बारावा साप

वाचनालयातल्या बाहुल्यांच्या खेळाला मुलं बारा होती आणि मोजे अकरा; मोजणीतली चूक माझी होती. बटणांचे डोळे शिवून मोज्यांचे अकरा साप झाले. शेवटी आलेल्या हर्षलासाठी काही उरलं नाही.

"ताई, मी नुसती बघते," असं म्हणून ती दाराशी बसली. मी तिला पेन दिलं. बऱ्याच वेळाने तिने डाव्या मुठीवर दोन डोळे काढले आणि मूठ पडद्याच्या वर धरली.

"ए, हिचा साप नागडाय," प्रणीत म्हणाला. सगळे हसले.

मूठ त्याच्या मोज्याकडे वळली. "मी कालच कात टाकली. तुझी अजून निघाली नाही?"

पेन आधी प्रणीतने मागितलं. गोष्ट संपली तेव्हा पडद्याच्या वर बारा मुठी होत्या आणि जमिनीवर अकरा मोजे.