शेवटच्या गोलाची खुर्ची

गावच्या फुटबॉल संघाच्या जेतेपदाच्या वर्धापनदिनी सलूनवाला गिऱ्हाइकं घेत नसे. ज्याने तो अंतिम सामना मैदानावर पाहिला, त्याने खुर्चीत बसून शेवटचा गोल रंगवून सांगायचा. शिंपी मास्तर मात्र दरवर्षी पाळी टाळत. "मास्तर, नक्की गेला होतात, की टीव्हीवरच पाहिलात?" सलूनवाल्याने डोळे बारीक केले. सगळे हसले. मास्तरांना न्यायला आलेल्या त्यांच्या मुलीलाही तोच संशय होता. तिने वडिलांना दाराबाहेर ओढलं. "बाबा, खरं सांगा." "गेलो होतो. गोल दिसला नाही." "थापा नका मारू!" "चार वर्षांची तू खांद्यावर होतीस. लोक ओरडले, तशी घाबरलीस आणि माझे डोळेच गच्च झाकलेस. चष्मा मोडला." "मग सांगायचं ना त्यांना!" "कशाला? जन्मभर तुला चिडवलं असतं." ती आत जाऊन खुर्चीत बसली. "गोल आठवत नाही. बाबांना का दिसला नाही, ते सांगते."