शकुबाईंची वहिवाट

बारा पावसाळ्यांचे बारा फोटो अनघाने कॉम्प्युटरवर एकामागून एक उघडले, आणि बाराही फोटोंत ढगांशिवाय काही नव्हतं.

"ह्यात माजं शेत कुटंय?" शकुबाईंनी विचारलं.

"ढगांच्या खाली, मावशी."

आता हसावं की रडावं? उपग्रह वरून फोटो काढत असतो, जुने फोटो कुणालाही फुकट बघता येतात. पण भात उभं असतं पावसाळ्यात, आणि नेमके तेवढेच महिने आंदर मावळावर ढगांचं झाकण. भात कापलं की रान तपकिरी. वरून बघणारा म्हणणार, हे तर पडीकच आहे.

आणि 'पडीक' याच शब्दावर सगळं अडलं होतं. शकुबाईंच्या वीस गुंठ्यांना लागून एक रिसॉर्ट झालं होतं. त्याच्या मालकाने अर्ज ठोकला होता, की ही जमीन दोन हजार तेरापासून पडीक आहे, तिच्यावर कुणाची वहिवाट नाही. उद्या अकरा वाजता तहसीलदारांसमोर तारीख. शकुबाईंच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, बाराही वर्षं शेत केल्याचा पुरावा आणा, नाहीतर जमीन गेली समजा. साक्ष द्यायला गाव होतं की, पण निम्मं गाव आता रिसॉर्टवरच कामाला जात होतं.

म्हणून वकिलांनी त्यांना वलवणला अनघाकडे धाडलं. अनघा खासगी चौकशीची कामं करते. एरवी तिच्याकडे येतात ते मुलीला दाखवायच्या स्थळाची माहिती काढायला. तिचा नेम साधा. कुणाचं कुलूप फोडायचं नाही, सोंग घेऊन कुणाला बोलतं करायचं नाही. लोकांनी आपणहून ओट्यावर मांडून ठेवलेलं असतं तेवढंच बघायचं, पण मांडणाऱ्यानेही बघितलं नसेल इतकं नीट बघायचं.

"उन्हाळ्यातलं दाव बरं," शकुबाई म्हणाल्या.

"उन्हाळ्यात काय असतं शेतात?"

"तू दाव तर, पोरी."

अनघाने पहिल्या वर्षाचा मे महिना उघडला. उघडं रान, आणि एका कोपऱ्यात काळा चौकोनी डाग. कुणी कचरा जाळला असेल म्हणून दोन दिवस ती या डागावरून पुढे जात होती. शकुबाईंनी थेट पडद्यावर बोट टेकवलं.

"ह्यो माजा राब."

शेण, पालापाचोळा, वर माती, असे थर लावून उन्हाळ्यात भाजलेली जागा. पुढे त्यातच भाताचं रोप वाढवायचं. पडीक रानात राब कोण भाजतं? अनघाने कपाळावर हात मारून घेतला.

मग दोघी एकेक वर्ष उघडत गेल्या. डाग दर साली थोडा सरकायचा. फोटो उघडण्याआधीच शकुबाई सांगायच्या, "ह्या साली बांधाकडं घेतला हुता बघ," आणि डाग बांधाकडेच निघायचा. अनघाने नकाशे वाचणारी पुष्कळ शिकलेली माणसं बघितली होती. इतकं बिनचूक वाचणारं माणूस तिच्या समोर पहिल्यांदाच बसलं होतं.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात डाग नव्हता.

"त्या साली न्हाई भाजला," शकुबाई म्हणाल्या. "बाबासाहेबांच्या जयंतीच्या दुसऱ्या दिशी आमचे मालक गेले. शेत केलं पर. भावाकडनं रोप आणलं, एकटीनं लावलं."

समोरच्या वकिलाला एवढं एकच भोक पुरणार होतं.

"शेताच्या कडेने कोण जातं-येतं, मावशी?"

"कोन जातंय तितं. ऐतवारी गडावर जानारी पोरं."

एवढ्यावर अनघा कामाला लागली. गडाचं नाव आणि त्या सालचा जुलै. ट्रेकिंगच्या ग्रुपांनी टाकलेले शेकड्यांनी फोटो. ती कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती, सगळ्यांच्या खांद्यांमागे बघत होती. तास गेला, दोन तास गेले. शकुबाईंसमोरचा चहा निवून गेला. शेवटी एका फोटोवर अनघा थांबली आणि मोठ्याने हसायला लागली.

१६ जुलै २०१७, रविवार. कुणा ट्रेकरने तक्रार लिहिली होती. अनघाने ती वाचून दाखवली. "शॉर्टकट मस्त आहे, पण खाली एका शेतातून जाताना एक बाई रोपांची जुडी उगारून अंगावर आली. नको नको ते बोलली. गावकऱ्यांनी पर्यटकांशी नीट वागावं." आणि खाली पुराव्याला फोटो. पाठीवर पावसाचं इरलं, पाय पोटरीपर्यंत चिखलात, हात वर, तोंड उघडं. शकुबाईच. त्यांच्या मागे अर्धं लावून झालेलं शेत. कडेचा कातळ आणि जांभळीचं झाड उपग्रहाच्या फोटोत होतं तिथेच होतं, अनघाने दोनदा ताडून बघितलं.

"पडीक रानासाठी कोण एवढं भांडतं, मावशी? ह्या पोराने तुमच्या बाजूने साक्ष दिली बघा."

तिने तारखेसकट आणि पानाच्या पत्त्यासकट तो कागद छापून शकुबाईंच्या हातात दिला. शकुबाई तो जवळ धरून बराच वेळ बघत राहिल्या. त्या ओशाळल्या असतील असं अनघाला वाटलं.

"काय बोललात एवढं त्याला?"

"आठवत न्हाई. लय बोलले." त्यांनी कागदावरून पदर फिरवला. "मालक गेल्यापास्नं मी कुनासंगं बोललेच नव्हते, पोरी. तीन म्हैन्यांनी तोंड उघडलं, ते ह्याच्यावर."